पुढे जाण्यास सक्त मनाई

मोटारशर्यतीत इतकी वर्षे एक गंभीर दोष होता : गाड्या एकमेकींना मागे टाकत. २९ ऑगस्ट २०२१ रोजी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला वनने तो दूर केला. संयोजकांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच.

पाऊस थांबायला तयार नव्हता. तीनेक तास वाट पाहून गाड्या सेफ्टी कारमागे निघाल्या, नवरदेवाच्या घोड्यामागे वऱ्हाड निघावे तशा, आणि थोड्याच फेऱ्यांत परतल्या. ठरलेल्या ४४ फेऱ्यांपैकी हिशेबात धरली एक. मॅक्स व्हेरस्टॅपेन पहिला, जॉर्ज रसेल दुसरा, लुईस हॅमिल्टन तिसरा. म्हणजे आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत होता तोच क्रम! सातत्य म्हणतात ते हेच. गुण निम्मे दिले. पोडियमची उंची मात्र पूर्ण ठेवली.

भिजलेल्या प्रेक्षकांचे पैसे परत करा, असे हॅमिल्टन म्हणून बसला. खेळाडूंना व्यवहार कळत नाही, दुसरे काय. तिकीट शर्यतीचे होते, पाऊस तर फुकटच मिळाला.

आता एकच पाऊल उरले आहे. ट्रॉफ्या शनिवारीच वाटून टाकाव्यात आणि रविवारी प्रेक्षकांना नुसत्या छत्र्या घेऊन बोलवावे. पेट्रोल वाचेल, पर्यावरणाचे उद्दिष्टही साधेल. पण कुणाला चांगले बघवते? सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण नाहीत, असा नियम पुढच्या हंगामापासून आणलाच.

त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत आघाडीवर एकच गाडी होती. तिला एकही गुण मिळालेला नाही.