सणप्पा

सकाळी सातला इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध आणि काखेत पिशवी अशा थाटात कुणी चिटगुप्प्याच्या गल्लीतून निघालं, की जाणते लोक 'आज काय हाय, अप्पा?' असं विचारत नाहीत. विचारलं तर अप्पा सांगतात. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, गाव मात्र त्यांना सणप्पा म्हणतं. असा एखादा सणप्पा हुमनाबादेत सापडतो, बसवकल्याणात सापडतो, आळंदकडे तर गल्लीगणिक असावेत. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात हे वाण आपोआप उगवतं.

त्याला हवापाणीही तसंच आहे. मराठी काय, कन्नड काय, दोन्ही पंचांगांत महिना अमावस्येलाच संपतो. म्हणजे तिथी एक, पण सण दोन. आश्विनी पौर्णिमेला मराठी घरात कोजागिरीचं दूध आटतं आणि कानडी शेतकरी त्याच दिवशी शिगी हुण्णिमे म्हणून उभ्या पिकाची पूजा करून शेतात नैवेद्य शिंपडतो. सामान्य माणूस यातलं एक घरचं म्हणून धरतो, दुसरं शेजाऱ्याचं म्हणून सोडतो. सणप्पा काहीच सोडत नाहीत. दिवसा शिगीचं जेवण, रात्री मसाल्याचं दूध. मधे झोप.

त्यांच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं आहेत. एक कालनिर्णय, एक खताच्या दुकानाचं कन्नड, एक अत्तरवाल्याने दिलेलं उर्दू तारखांचं. मोहरमच्या पंजांपुढे सणप्पा हजर, दत्तजयंतीला माणिकनगरला हजर. बिदरजवळच्या अष्टूरचा उरूस तर त्यांचा विशेष लाडका. बहमनी सुलतान अहमदशहा वलीचा हा उरूस मुसलमानी तारखेने नव्हे, हिंदू तिथीने, होळीच्या सुमाराला भरतो आणि माड्याळचे जंगम त्यात मानकरी असतात. "एका कॅलेंडरात बघून दुसऱ्याचा सण सापडतो, असं गाव दाखवा," असं सणप्पा आव्हान देतात आणि उत्तराची वाट न बघता एसटी स्टँडकडे चालू लागतात.

सणप्पांना शेत नाही. होतं, ते कधीच वाटण्यांत गेलं. तरीही मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येला त्यांच्याइतका शेतं फिरणारा माणूस तालुक्यात नसेल. या दिवशी बिदरपासून लातूर-धाराशिवपर्यंत गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची खोप उभी राहते, आत चुन्यात रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसतात, मडक्यात आंबील डुचमळत असते. वाटसरूला हाक मारून जेवू घालायची रीत आहे, आणि सणप्पा त्या दिवशी अखंड वाटसरू असतात. पहिल्या शेतात बाजरीचे उंडे, दुसऱ्यात शेंगापोळी, तिसऱ्यात गव्हाची खीर. भज्जी मात्र सगळीकडे. हिरवी तूर, हरभरा, वाल, मेथी, चुका, वर बेसन असा तो घट्ट प्रकार बोटावर घेऊन ते डोळे मिटतात.

"वाल कमी पडले, ताई."

"वाल तोडाया या की अप्पा उद्या."

उद्या अमावस्या नसते, त्यामुळे सणप्पा येत नाहीत.

आता स्वतःच्या घरचा प्रकार. आषाढी अमावस्येला आपल्याकडे दिवे उजळतात, तर कानडी घरांत त्याच दिवशी भीमन अमावस्या असते. बायको नवऱ्याचे पाय धुऊन पूजा करते. हा शोध लागल्यावर सणप्पांना आपण आजवर अर्धवट मराठीपणात आयुष्य घालवल्याची जाणीव झाली. त्या सकाळी ते पाट मांडून, धोतर गुडघ्यापर्यंत सारून, पाय पुढे करून बसले. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, अक्का, आल्या, त्यांच्या हातात ताम्हण नव्हतं. चिंचेचा गोळा होता. "आधी समया घासून द्या, मग पायाचं बघू." दुपारपर्यंत समया लखलखल्या. पाय सणप्पांनी स्वतःच धुतले, कारण राखेने काळे झाले होते. तेवढ्यात लातूरच्या भाच्याचा फोन आला. तिकडे याच अमावस्येला तिसराच एक उत्सव असतो. त्याचा तपशील सणप्पांनी अक्कांना सांगितला नाही.

इथे माझं एक मत मधेच सांगतो. सणप्पांच्या वर्षात जितके सण आहेत तितके अक्कांच्या वर्षात वरवंट्याचे फेरे आहेत. सण शोधतात ते, पुरण वाटतात त्या. हे सणप्पांना कुणी सांगितलं की ते म्हणतात, "म्हणून तर आठ मार्चही पाळतो." त्या दिवशी पुरण असतं.

मोबाईल हातात आल्यापासून चौथं कॅलेंडर उघडलंय. संयुक्त राष्ट्रांचा चहा दिन 21 मे रोजी असतो, पूर्वी काही देशांत तो 15 डिसेंबरला पाळत. सणप्पा दोन्ही पाळतात, जुना घरचा आणि नवा सरकारी म्हणून. चिमणी दिन तर नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी 2010 पासून 20 मार्चला सुरू केलेला, म्हणजे अगदी आपला. सणप्पांनी वळचणीला लाकडी पेटी टांगली. तीत गांधीलमाश्या आल्या. त्यांचा दिवस कधी असतो, हे सध्या शोधणं चालू आहे.

10 फेब्रुवारीला जागतिक डाळ दिन असल्याचं कळलं तेव्हा मात्र ते हरखलेच. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. एवढ्या तुरीत राहून डाळ दिन साजरा नाही? ते थेट अडतीवर गेले.

"शेठ, आज तुमचा सण!"

"सण राहू द्या अप्पा, भाव काय निघाला ते सांगा."

"संयुक्त राष्ट्रांनी ठरवलाय हो."

"मग त्यांना म्हणा, दोन पोती उचला."

सप्टेंबरात 17 तारीख येते. 1948 साली याच दिवशी निजाम नमला. सीमेपलीकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, अलीकडे कल्याण कर्नाटक उत्सव. इकडचं झेंडावंदन उरकून उदगीरचं दुसरं गाठायला बस कोणती, याची चौकशी सणप्पा दरवर्षी करतात. बस दरवर्षी उशिराची असते.

पण त्यांची खरी ठेव ज्येष्ठी पौर्णिमा. त्या दिवशी मराठी बायका वडाला फेरे घालतात आणि कानडी शेतकरी कारहुणवी म्हणून बैलांची शिंगं रंगवतात. नवरा आणि बैल यांचा मान एकाच तिथीला! बैलाला पुन्हा श्रावणी अमावस्येला पोळाही मिळतो, नवऱ्याला भीमन अमावस्येलाही समयाच घासाव्या लागतात, ही सणप्पांची जुनी तक्रार. म्हणून 2026 साली ज्येष्ठच अधिक आहे हे पंचांगात दिसताच ते उठून बसले. दोन ज्येष्ठ, दोन पौर्णिमा! भटजींनी सांगितलं की सण निज महिन्यात धरायचे, अधिकात नाहीत. सणप्पांना ते पटलं नाही. बैलवाल्याने रंग दोनदा कोण देणार म्हणून अंग काढून घेतलं. तेव्हा ते अक्कांकडे वळले, निदान वडाचं तरी दोनदा होऊन जाऊ दे म्हणाले.

अक्कांनी तवा उतरवला. "एकदा पुजला की सात जन्म. दोनदा पुजला तर चौदा. मला नाही जमायचं."