लिंबू हवं तर पपई घ्या

घरामागे हातभर जागा असली की सगळे एकच सल्ला देतात: आधी माती तपासून घ्या. ऊन किती येतं, पाणी तुंबतं का, मुळं भिंतीत शिरतील का, हेही विचारतात. शेजारी कसे आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर फळझाड लावण्याआधी तेच बघायला हवं. पपई लावली तर आपण शेजाऱ्यांच्या मागे धावतो आणि लिंबू लावलं तर शेजारी आपल्या. आमच्या तळमजल्याच्या मागच्या तुकड्यात दोन्ही आहेत, त्यामुळे घरातला एक माणूस कायम जिना चढत असतो आणि एक शेजारी कायम उतरत असतो.

लिंबू सासूबाईंचं. त्यांचं माहेर श्रीगोंद्याचं, म्हणजे लिंबाच्या मुलखातलं. लिंबू विकत आणणं हा त्यांना माहेरचा अपमान वाटतो. बी पेरून पाच-सहा वर्षं वाट बघायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'साई सरबती' जातीचं रोप भावाकडून मागवलं, आणि ते एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून पुण्याला आलं.

पपई नवऱ्याची. त्याच्या ऑफिसात शहाद्याकडचा एक मित्र आहे. त्याच्या बोलण्यात दर दहा मिनिटांनी पपई येते. लिंबू तीन वर्षं नुसतं पानं दाखवत बसतं, पपई दहा महिन्यांत हातात फळ देते, हे त्या मित्राचं म्हणणं नवऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वतःचं म्हणून घरात मांडलं.

"परदेशी झाड ते," सासूबाई म्हणाल्या. "पोर्तुगीजांनी आणलेलं. देवाधर्माला चालत नाही."

"आई, तू दर शनिवारी दारावर लिंबाबरोबर ज्या मिरच्या टांगतेस ना, त्याही त्यांनीच आणल्या."

सासूबाईंनी त्या शनिवारी मिरच्यांकडे जरा संशयाने पाहिलं, पण टांगल्या.

नवऱ्याने तीन रोपं आणली. रोपवाटिकेवाला म्हणाला होता, "साहेब, तिन्ही माद्या आहेत, गॅरंटी." पपईचं रोप वीतभर असताना त्याच्याकडे नुसतं बघून नर की मादी हे कोणी सांगू शकत नाही. फुलं यायला पाच-सहा महिने लागतात, आणि तोपर्यंत गॅरंटीवाल्याने दुकान हलवलेलं असतं. आमच्या तिघांपैकी दोघींना खोडालगत, देठाशी चिकटून, जाडसर एकेकटी फुलं आली. तिसऱ्याला लांब लांब लोंबत्या दांड्यांवर पांढरट फुलांचे झुबकेच्या झुबके आले. संध्याकाळी मंद वासही यायचा. फळाचा पत्ता नाही.

"फुलतो तर छान," सासूबाई त्याच्याकडे पाहत म्हणाल्या. "आपलं आडनाव लावा त्याला."

नवरा दोन दिवस पपईबद्दल काही बोलला नाही. मग वॉचमनने उपाय सांगितला: खोडात लोखंडी खिळा ठोकायचा, झाड घाबरून फळ धरतं. हा उपाय महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे आणि तो पहिल्यांदा कोणाला सुचला असेल याचा विचार बायकांनी करू नये. खिळा ठोकला. काही झालं नाही. पपईचं खोड आतून पोकळ असतं, त्यामुळे खिळा ठोकायला फार सोपा गेला, एवढंच.

उरलेल्या दोघी मात्र अशा लगडल्या की खोड दिसेना. एकाच आठवड्यात पाच पपया पिवळ्या पडायच्या. पपईला थांबणं माहीत नाही, आणि आज पिकलेली परवा टिकत नाही. कच्च्यांचं थालीपीठ झालं, फाफड्याबरोबर लागतो तसा संभारो झाला, मुलाच्या हट्टाने टुटी-फ्रुटी झाली. तिचे हिरवे-लाल तुकडे अजून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला आहेत आणि त्यांना हात लावायला कोणी तयार नाही. मुलाने एका कच्च्या पपईवर कंपासच्या टोकाने स्वतःचं नाव कोरलं. 'ओम' या अक्षरांतून दुधासारखा चीक ओघळत खाली आला, सुकून तपकिरी झाला, आणि फळ वाढलं तसं नावही वाढत गेलं.

मग वाटप सुरू झालं. पपई नाकारण्याची जेवढी कारणं माणसाला सुचतात तेवढी सुटीच्या अर्जातही सुचत नसतील. उष्ण पडते. वास येतो. कालच आणली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार अर्धंच उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे गोड बातमी आहे गं, पपई उंबऱ्याच्या आत नको." घरात दोघंच, काका आणि काकू, दोघंही सत्तरीच्या पुढे. मी अभिनंदन करून परत आले.

पानांना मात्र गिऱ्हाईक होतं. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की फळ न घेणारी सगळी मंडळी पानांसाठी रांग लावतात. प्लेटलेट पानांच्या रसाने वाढतात की आपल्या आपण, हे डॉक्टरांना विचारायला कोणी थांबत नाही. एका सप्टेंबरात झाडाला शेंड्याकडची चार पानं तेवढी ठेवली. रविवारी मटण शिजत नसलं की कच्च्या पपईचा तुकडाही मागायला येतात. चिकातलं पपेन मटण मऊ करतं, म्हणून तो मान. थोडक्यात, पपईचं फळ सोडून बाकी सगळं लोकांना हवं असतं.

लिंबाची तऱ्हा उलटी. ते देतं कमी आणि अटी घालतं फार. सासूबाईंना हस्त बहार हवा होता, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं आणि ऐन उन्हाळ्यात लिंबं. त्यासाठी आधी झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. पण तो ताण द्यायचा नेमका पावसाळ्यात. पुण्याच्या पावसाने ऐकलं नाही. मग त्यांनी झाडाच्या बुंध्याभोवती प्लॅस्टिक अंथरलं आणि माझ्या धुण्याच्या पाण्यावर पहारा बसवला. त्या वर्षी झाडापेक्षा मलाच जास्त ताण होता.

त्यात अळ्या. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, म्हणून तिला पक्षी खात नाहीत आणि आपण पुसायला जात नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की हात मागे येतो. सासूबाई तिला चिमट्यात धरायच्या आणि मुलगा ती बरणीत मागायचा. शेवटी तह झाला: अळ्या कढीपत्त्यावर नेऊन सोडायच्या. दोन्ही झाडं एकाच कुळातली, त्यामुळे अळ्यांची तक्रार नव्हती. कढीपत्ता कुंडीत होता आणि माझा होता, म्हणून तहाच्या बैठकीला मला बोलावलं नव्हतं.

तरी एप्रिल 2022 मध्ये लिंबाने सगळं फेडलं. आठवत असेल, तेव्हा बाजारात एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं. आमच्या झाडावर त्याच महिन्यात लिंबं होती. जिना उतरणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. कोणाला सरबताला, कोणाला शनिवारच्या दारासाठी, तिसऱ्या मजल्यावरच्यांना नव्या गाडीच्या चाकांखाली ठेवायला चार. चिरडायला चार लिंबं! गोड बातमीवाल्या काकूही आल्या.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "देते की. पण सोबत पपई न्यावी लागेल."

शेतीशी संबंध असलेल्यांना हा प्रकार ठाऊक असतो. खतांच्या दुकानात युरिया मागितला की दुकानदार म्हणतो, सोबत ही सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्या, नाहीतर युरिया संपलाय. याला लिंकिंग म्हणतात. ते बेकायदेशीर आहे. सासूबाईंच्या भावाने त्यावर आयुष्यभर चिडचिड केली, आणि बहिणीने ते आमच्या सोसायटीत चालू केलं. चार लिंबांना दोन पपया, हा दर. घासाघीस नाही. काकू एका लिंबासाठी दीड किलोची पपई पोटाशी धरून जिना चढल्या. गोड बातमीबद्दल सासूबाईंनी विचारलं नाही, मीही नाही.

आठवडाभरात झाडावर एक पपई उरली नाही. नवरा म्हणाला, बघा, लोकांना आवडायला लागली. आम्ही दोघी काही बोललो नाही.

चैत्राचं हळदीकुंकू होतं चौथ्या मजल्यावर. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. सासूबाईंची ओटी भरताना यजमानीणबाईंनी हरभऱ्यांवर फळ ठेवलं. चांगलंच वजनदार. पदर खाली ओढला गेला, तेव्हा आमचं लक्ष गेलं. पिवळीधमक पपई, आणि तिच्या पोटावर तपकिरी, ताणलेल्या अक्षरांत 'ओम'. ही आम्ही पहिल्या मजल्यावर दिली होती. तिथून ती चौथ्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून चढली, देव जाणे.

यजमानीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, मुद्दाम ओम कोरलेली मिळाली. देवाचं फळ."

सासूबाईंनी पपई नीट निरखली, पदर सावरला आणि वर बघून विचारलं, "आणि हिच्यासोबतचं लिंबू?"