कुत्रा असलेली प्रत

नानांची उभी हयात वेरूळची लेणी दाखवण्यात गेली. कैलासासमोर उभं राहून ते पाहुण्यांना बजावत, "आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण. एकच खडक, वरून खाली कोरत आणलेला. याला दुसरी प्रत नाही!" कुणी तीस नंबरच्या जैन लेण्याचं, छोट्या कैलासाचं नाव काढलं, तर म्हणत, "ते रीइश्यू. तेही अर्धवट राहिलेलं."

पाहुणे हसत. त्यांनी नानांचं घर पाहिलेलं नसे.

घरात गव्हाच्या कोठीला खेटून एक लोखंडी कपाट आहे. गाणी मोजकीच, सीड्या मात्र दार लागू देत नाहीत. भीमसेनांची 'अभंगवाणी' आहे का, असं सहज विचारावं, तर नाना विचारतात, "कुत्रा असलेली की नसलेली?" कुत्रा एचएमव्हीचा. 2000 साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची 'सारेगामा' झाली आणि नानांच्या सीड्यांच्या वहीत नवा रकाना पडला. मग बारकोड असलेली, किमतीवर स्टिकर मारलेली, पुस्तिकेचा कागद पातळ झालेली. आपल्याला सगळ्यांत चाल तीच आणि विठ्ठलही तोच.

नवी सीडी आली की गाइडकीतली बॅटरी निघते. सीडी कडेला धरून उलटी करायची आणि झीज झालेल्या मूर्तीचं नाक दाखवताना धरायचे तशी बॅटरी तिरकी धरायची. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात बारीक अक्षरं उमटतात. तो मॅट्रिक्स नंबर. शेजारी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आयएफपीआय या संघटनेचे दोन कोड, 1994 पासूनचे. 'एल'नं सुरू होणारा मास्टर कुठं तयार झाला ते सांगतो, दुसरा साचा कुणाचा ते. काचेवर मास्टर, त्यावरून धातूचे ठसे, ठशाखाली पॉलिकार्बोनेट. ठसा झिजला की दुसरा चढतो. कोड नसेल तर सीडी जुनी, नाहीतर कारखान्यानं ते मनावर घेतलेलं नाही. हे सगळं ऐकेपर्यंत आपला चहा निवतो.

वेड म्हणून सोडून द्यावं, तर तीही सोय नाही. परवा त्यांनी एकाच मैफलीच्या दोन सीड्या पुढ्यात टाकल्या. आधीच्या पुस्तिकेत तबल्याला कोण, पेटीला कोण, ध्वनिमुद्रण कुठल्या साली, सगळं छापलेलं. नंतरच्या पुस्तिकेत गायकाचा भलामोठा फोटो. "तबलजी अजून वाजवतोय, पण त्याला घरातून काढलंय," नाना म्हणाले. मी मोबाइलवर तीच मैफल शोधली. तिथं पेटीवालाही नव्हता. वर्षही नव्हतं. नाना काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

एवढ्या वहीत मुलीच्या लग्नाची सीडी मात्र नाही. "अहो, पोरीच्या लग्नाला तरी नंबर द्या की," काकू दर दिवाळीला म्हणतात. नानांचं उत्तर ठरलेलं. ती छापलेली नाही, दुकानात राईट केलेली आहे. शिवाय एकच प्रत. ताडून कशाशी बघायची?

यंदा व्याह्यांकडून त्यांची प्रत आली. तिच्या कव्हरवर जावयाच्या आडनावात एक वेलांटी चुकलेली होती. नानांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि दोन्हींना नंबर दिले.