पाठीवर पन्नाशी

युरोप सहलीच्या मराठी जाहिरातीत दोन गोष्टी मोठ्या अक्षरात असतात: रोज भारतीय जेवण आणि सोबत मराठी टूर मॅनेजर. किंमत खाली, चष्मा पुसून शोधावी लागते. ती सापडल्यावर माझ्या भाचीने जाहीर केलं, "मावशी, आपण सॅक पाठीला लावून जाऊ. एवढ्या पैशात दोनदा होईल." पन्नाशी उलटलेल्या बाईने सॅक पाठीला लावावी का, यावर घरात रीतसर चर्चा झाली. माझ्या मणक्याची काळजी सगळ्यांनाच होती, सहलीचे पैसे भरायला मात्र कुणी पुढे आलं नाही. तेव्हा गेले.

फिरून आल्यावर माझं एक मत ठाम झालंय. युरोपात स्वस्त-महाग हे वस्तूवर नसतं, वेळेवर असतं. माद्रिदचं प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ फुकट, रविवारी पाच ते सात. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, त्यात रोमचं कोलोसियमही आलं. रांग अर्थातच असते. फुकट म्हटल्यावर सगळे देश सारखेच वागतात, हे मला त्या रांगेत कळलं आणि बरंही वाटलं. लवकर जाऊन उभं राहायचं आणि आत गेल्यावर हावरटपणा करायचा नाही. वेलाझकेझचं 'लास मेनिनास' आणि गोयाची काळी चित्रं, एवढंच बघून बाहेर. दोन तासांत सगळं प्रादो उरकणारी माणसं मी पाहिली. ती चित्रं बघत नव्हती, हजेरी घेत होती.

स्वस्त विमानकंपन्यांचं तिकीट हा निराळा अध्याय. सीटखाली मावेल एवढी एक पिशवी फुकट, त्यापुढे प्रत्येक गोष्टीला पैसे. गेटपाशी एक पिंजरा ठेवलेला असतो, सॅक त्यात बसली पाहिजे. भाचीने मला आदल्या रात्रीच तयार केलं होतं. अंगावर दोन कुर्ते, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट. जाकिटाच्या एका खिशात चार्जर आणि मोजे, दुसऱ्यात मेतकुटाची पुडी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सॅक पिंजऱ्यात गेली, मी गेले नसते. गेटवरच्या बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण माणसाच्या घेरावर अजून दर बसलेला नाही. उतरायचं कुठे, तेही तिकीट काढण्याआधी नकाशात बघून घ्या. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. म्हणजे साताऱ्याला उतरवून 'चला, पुणं आलं' म्हणण्यातलाच प्रकार. पुढच्या बसचं भाडं मिळवलं की स्वस्त तिकिटाचा रंग बदलतो.

खाण्याचं बोलू. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या सगळं घरीच ठेवायचं. आंब्याला रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, अननस, खजूर यांना मात्र मुभा आहे. नारळ घेऊन युरोपात कोण जाईल ते मला ठाऊक नाही, पण नियम करणाऱ्याने आपली सोय बघितलेली दिसते. आम्ही थालीपिठाची भाजणी नेली. हॉस्टेलमध्ये सामायिक स्वयंपाकघर असतं आणि बहुतेक ठिकाणी एक फुकटचा कप्पाही असतो. जाणारे लोक उरलेलं मीठ, तेल, पास्ता त्यात ठेवून जातात. कांदा विकत, तेल कप्प्यातलं, भाजणी सदाशिव पेठेतली. तव्यावर थालीपीठ पडल्यावर दोन उंच पोरं ताटल्या घेऊन अदबीने येऊन उभी राहिली. फोडणीच्या भानगडीत मात्र पडू नका, धुराचा अलार्म छताला लावलेलाच असतो. जर्मनीत असाल तर शनिवारी संध्याकाळीच दूध-पाव आणून ठेवा. रविवारी दुकानं बंद, एकादशी असो वा नसो, उपास घडतो. तिथे पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. हे कळल्यापासून आमच्या खोलीतल्या पोरांच्या बाटल्यांवर माझा डोळा होता.

पाण्याला पैसे घालवू नका. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे सुमारे अडीच हजार नळ अखंड वाहतात, व्हिएन्नात घरच्या नळाला आल्प्सचं पाणी येतं. पाणी फुकट, परिणाम सशुल्क! रेल्वे स्थानकातल्या स्वच्छतागृहाला युरोभर मोजावा लागतो, म्हणजे शंभराच्या घरात. तेव्हा संग्रहालयातून बाहेर पडताना इच्छा असो-नसो जाऊन यावं, ही आईची शिकवण युरोपात फार उपयोगी पडते. पॅरिसात फुटपाथवरच्या स्वयंचलित खोल्या फुकट आहेत. कॉफीच्या बाबतीत मात्र माझा वेळेचा सिद्धांत उलटा होतो. इटलीत काउंटरपाशी उभ्याने घोटात संपवली तर स्वस्त, खुर्चीवर टेकलात तर टेकण्याचे पैसे.

झोपायला सहा-आठ जणांची खोली. स्वतःचं कुलूप न्या, कानात घालायचे बोळे न्या, आणि आरक्षण करतानाच खालचा पलंग मागा. वरच्या पलंगाची शिडी रात्री दोनला उतरणं हा पन्नाशीतला साहसी खेळ आहे आणि प्रवासविम्यात तो बसतो की नाही, मी विचारलेलं नाही. एटीएम आपुलकीने विचारतं, 'हिशेब रुपयांत करू का?' नको म्हणा, युरोतच राहू दे. त्या आपुलकीचा दर वाईट असतो.

लक्झेंबर्गमध्ये १ मार्च २०२० पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनासुद्धा. आयुष्यभर एसटीत सुटे पैसे मुठीत धरून बसलेल्या माझ्यासारखीला हे सुख सोसत नाही. मी सगळा वेळ दाराकडे बघत बसले होते. "मावशी, कुणी येणार नाही," भाची म्हणाली. तरी पर्स मांडीवरच होती.

राहता राहिला व्हिसा. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाची प्रौढांची फी ९० युरो आहे, सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि अर्ज नाकारला तरी फी परत मिळत नाही. जून ते ऑगस्टची गर्दी आणि भाव टाळायचे असतील तर मे महिना उत्तम. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की लगेच फॉर्म भरायला बसा.