एका डिस्कवर दोन चुली

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे ज्यांना पटत नाही ते ड्युअल बूट करतात. आधी डिस्कची वाटणी. पाचशे जीबीतले शंभर धाकट्या उबुंटूला, बाकी सगळं थोरल्या विंडोजला. सातबारे वेगळे, अंगण एकच. दारात ग्रब नावाचा कारभारी. तो विचारतो, "कोणाकडे आलात?" दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर पाहुण्याला परस्पर धाकट्याच्या पाटावर नेऊन बसवतो.

खरं भांडण घड्याळावरून. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच. थोरला त्यातली वेळ भारतीय समजतो, धाकटा युटीसी. त्यामुळे उबुंटूतून उठून विंडोजमध्ये जावं, तर सकाळी दहा वाजता पडद्यावर पहाटेचे साडेचार! साडेपाच तासांची ही भाऊबंदकी टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा दिली की मिटते. नवशिक्या ती ओळ शोधायला रात्री जेवून बसतो. सापडते, तो एंटर दाबतो, दोन्ही भावांचं पहिल्यांदाच एकमत होतं आणि दोघंही एका सुरात सांगतात: पहाटेचे साडेचार.

या वेळी ते खरे असतात.