कथेचा सिनेमा करण्याची निर्धोक रीत

साहित्यकृतीवर चित्रपट काढायचा तर पहिला नियम : कृती वाचू नये. वाचली की आवडण्याचा धोका असतो. त्यापेक्षा हैदराबादेत, फिल्मनगरात ‘स्टोरी सिटिंग’ लावावी. सहायकाने चार वाक्यांत गोष्ट सांगावी, पाचव्याआधी आपण हीरोच्या एंट्रीवर यावे.

लेखक हयात असल्यास मुहूर्ताचा नारळ त्याच्याच हस्ते फोडावा. नंतर बोलावू नये.

कथेतले गाव शोधत हिंडण्याचे कारण नाही. रामोजी फिल्मसिटी १९९६ पासून आहे. तिथे रेल्वे स्टेशन आहे, विमानतळ आहे. कथेत स्टेशन नसेल तर घालावे. भाडे भरलेले असते.

हैदराबादने एक वाईट उदाहरणही घालून दिले आहे, त्यापासून सावध राहावे. तिरुमलगिरीत जन्मलेले, निझाम कॉलेजात शिकलेले दिग्दर्शक श्याम बेनेगल. यांनी गुलाम अब्बास यांची ‘आनंदी’ ही उर्दू कथा निवडली. नगरपालिका ठराव करून वेश्यांना शहराबाहेर काढते. त्या एका ओसाड जागी घरे बांधतात. बांधकामावरच्या माणसांसाठी दुकाने येतात, दुकानांमागून वस्ती, आणि वीस वर्षांत तिथेच शहर उभे राहते. मग तिथली पालिका त्याच ठरावासाठी बैठक भरवते. आता यात हीरो कोण? शहर! त्याच्या तारखा कुणी द्यायच्या?

शहाण्या माणसाने इथेच पुस्तक मिटले असते. बेनेगलांनी १९८३ मध्ये ‘मंडी’ काढला. कथेत नसलेली रुक्मिणीबाई आणली, तुंगरूस आणला, कोठा माणसांनी भरून टाकला. कथेत सुरुवातीलाच उरकणारी हद्दपारी सिनेमात यायला बराच वेळ लागतो, कारण आधी ही माणसे ओळखीची व्हावी लागतात. वर नीतिश रॉय यांना कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. असल्यांना प्रोत्साहन मिळते ते असे.

त्याआधी १९७७ मध्ये अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून ‘भूमिका’ केला, तर नायिकेचे नाव उषा! आयते प्रसिद्ध नाव हातचे घालवले.

‘वेल डन अब्बा’त तर हैदराबादच्याच जीलानी बानो यांच्या ‘नरसैयां की बावडी’सह तीन कथांची मोट बांधली. त्यात न खोदलेली विहीर चोरीला जाते. मराठीत ‘जाऊ तिथे खाऊ’मध्ये ती २००७ सालीच गेली होती. तेव्हा विहिरीची गोष्ट घेणार असाल तर हक्कांच्या कागदांसोबत सातबाराही मागून घ्यावा.