कालप्रवासी कादंबरीमालिका : आवश्यक सामग्री व विधी

कालप्रवासाची कादंबरीमालिका लिहायला बसलेला लेखक आधी यंत्र जमवायला धावतो. हा मोह आवरावा. एच. जी. वेल्स यांनी १८९५ सालीच आपल्या कादंबरीत निकेल, हस्तिदंत आणि स्फटिक वापरून यंत्र तयार केले आणि पुढे-मागे जायला दोन तरफाही बसवून दिल्या. तो विषय मिटला. खालील सामग्री मात्र ज्याची त्याने जमवायची आहे.

१. प्रेरणा : उदात्त प्रेरणेची वाट पाहू नये. डायना गॅबल्डन यांना ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या जुन्या भागात किल्ट घातलेला एक स्कॉटिश तरुण दिसला. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अठराव्या शतकातले स्कॉटलंड उभे केले आणि १९९१ साली ‘आउटलँडर’चा पहिला खंड आला. आपल्याकडे धोतर आहे. पण आजच्या नायकाला ते नेसता येत नसेल, तर पहिला खंड त्यातच संपेल, हे लक्षात घ्यावे.

२. खिशातली वस्तू : ही एकच आणि लहान असावी. वेल्सचा प्रवासी भविष्यातून परततो तेव्हा त्याच्या खिशात दोन कोमेजलेली फुले असतात. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगाचा पुरावा म्हणून बखरीचे फाटके पान उरते. उलट ‘समव्हेअर इन टाइम’ या १९८०च्या चित्रपटात प्रेमात आकंठ बुडालेल्या नायकाच्या खिशात १९७९चे नाणे निघते, आणि तो १९१२ सालातून थेट आपल्या काळात फेकला जातो. तात्पर्य, निघताना खिसे झाडावेत. १९५७च्या आधी उतरणाऱ्यांनी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे हे कोष्टकही पाठ करावे. वाणी कोणत्याही शतकातला असो, हिशेबात सूट देत नाही.

३. घड्याळ : १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत शहरात टिकून होती. रेल्वे मात्र प्रमाणवेळेने चाले. म्हणजे घरच्या घड्याळाकडे पाहत निवांत चहा पिणारा नायक बोरीबंदरला पोचेपर्यंत ३९ मिनिटे भविष्यात गेलेला असे. गाडी चुकायला यंत्र लागत नाही.

४. पंचांग : १६७४ साली मुंबईतले इंग्रज जुने ज्युलियन कॅलेंडर चालवत होते, तर वसईचे पोर्तुगीज पोपने सुधारलेले ग्रेगोरियन. दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. खाडी ओलांडली की नायक दहा दिवसांनी म्हातारा. शिवराज्याभिषेकाची ६ जून ही तारीख जुन्या कॅलेंडरची आहे. त्याच दिवशी वसईत १६ जून होती आणि रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. म्हणून नायकाला सोहळ्याला नेताना तिथी धरूनच न्यावे. तारखेने की तिथीने, हा वाद त्याने गडावर काढू नये.

५. फराळ : मालिकेचा खरा कस इथे लागतो. समजा, नायक यादवांच्या देवगिरीत एकादशीला पोचला आणि त्याने साबुदाण्याची खिचडी मागितली. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिकेचे, आणि कोलंबसाला तिकडे पोचायला १४९२ उजाडायचे आहे. यजमानीणबाईंकडे उरतात तूप, जिरे आणि मीठ. आजोबांना मारले तर नातू जन्मेल कसा, हे कोडे लेखक चतुराईने सोडवतात. खिचडी मात्र त्यांच्याकडून बिनदिक्कत शिजते आणि वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

६. मुदत : ‘आउटलँडर’चा नववा खंड २०२१ साली आला. पहिला खंड कॉलेजच्या बाकावर वाचलेली वाचक नवव्याला चाळिशीचा चष्मा शोधते. नायिका दोनशे वर्षे मागे जाते ते कागदावर, वाचकाची तीस वर्षे मात्र खरीच गेलेली असतात. तेव्हा निदान पुढच्या खंडाची तारीख तरी वाचकाला खरी सांगावी. प्रकाशकाला काय सांगायचे, ते ज्याने त्याने आपल्या हिमतीवर ठरवावे.